‘तुझ्या संस्कृतीवर काहीतरी कर’ असं सांगितलं तर

पत्र:

“मी १७ वर्षांची आहे. जन्म ठाण्याचा, पण तीन वर्षांची असल्यापासून इंग्लंडमध्ये. आता आम्ही रेडिंगजवळ राहतो. ए-लेव्हलला (म्हणजे इथल्या अकरावी-बारावीला) मॅथ्स, कॉम्प्युटर सायन्स आणि आर्ट घेतलंय. आर्टच्या पर्सनल इन्व्हेस्टिगेशनसाठी, म्हणजे स्वतः विषय निवडून करायच्या मोठ्या प्रकल्पासाठी, टीचर म्हणाल्या, ‘तुझ्या संस्कृतीवर काहीतरी कर, तुझ्याकडे केवढं आहे!’ मी वारलीची माणसं, मेंदी, मोर आणि पैठणीचे काठ एकत्र करून सहा शीट्स केल्या. टीचरना खूप आवडल्या. मला मात्र त्या बघवत नाहीत, एअरपोर्टवरच्या दुकानातल्या पिशवीसारख्या वाटतात. माझी एक मैत्रीण गुजराती आहे, तिचे आजी-आजोबा युगांडातून इथे आले. ती म्हणते, ‘तुला धड मराठी वाचता येत नाही, मग हे कशाला?’ मला बोलता येतं, वाचायला वेळ लागतो. हे पत्रसुद्धा फोनला बोलून लिहिलंय. आई-बाबांचं म्हणणं, कॉम्प्युटरच घे, चित्रं काय रविवारीही काढता येतात. ऑगस्टमध्ये तीन आठवडे साताऱ्याला आजीकडे जाणार आहोत. तिथून काय आणू? आणि हे काम करायचा मला हक्क आहे का? (हे सांगताना आजीने शिवलेल्या गोधडीवर बसलेय. ती आमच्या सोफ्यावर कायम असते.)”

उत्तर:

सर्वात कामाची गोष्ट तू कंसात टाकलीस. आमचं उत्तर गोधडीवरच बेतलेलं आहे. पण आधी त्या सहा शीट्सबद्दल.

त्या तुला बघवत नाहीत, हे चांगलं लक्षण आहे. तुझ्या रेषेत खोट असेल असं आम्हाला वाटत नाही. अडचण अशी की त्यात जमवलेल्या एकाही गोष्टीला तुझा हात कधी लागलेला नाही. पैठणी आईच्या कपाटात असेल, पण ती तू उलटून मागून पाहिली नसशील. मेंदी लग्नात कोणीतरी काढून दिली असेल. आणि वारली तर तुझ्या घरातलीच नाही.

वारली चित्रं पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी, जव्हार या भागातल्या वारली आदिवासींची आहेत. लग्नाच्या वेळी घरातल्या सवाष्णी सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. चौकाच्या आत पालघट देवी असते. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं कागदावर आणि कापडावर आणून जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही (जीआय) मिळालेलं आहे. तुझी साताऱ्याची आजी आणि डहाणूची वारली बाई दोघी महाराष्ट्राच्या, पण म्हणून एकीचं ते दुसरीचं होत नाही. वारली शिकावी, शिकवणाऱ्याचं नाव घेऊन शिकावी. ‘माझी संस्कृती’ असं लेबल लावून मात्र मांडू नये. रेडिंगच्या शिक्षिकेला हा फरक माहीत नसेल तर त्यांना दोष देता येत नाही. तो तू त्यांना सांगायचा आहेस. त्या शीट्स फाडू नकोस. स्केचबुकात सुरुवातीला लाव आणि प्रत्येकीखाली दोन-तीन ओळीत लिही की यातलं काय कुठून घेतलं आणि का सोडून दिलं. सोडून दिलेल्या कल्पनेचं कारण लिहिलेलं असलं की परीक्षक तेही ‘विकास’ म्हणूनच मोजतात.

मार्कांचंही स्पष्ट करून घे. इंग्लंडमधल्या सगळ्या बोर्डांचे ए-लेव्हल आर्टचे निकष तेच चार आहेत आणि चारही सारख्या वजनाचे: अभ्यासातून कल्पना वाढवणं, साहित्य आणि तंत्र पारखणं, निरीक्षणाची नोंद, आणि अर्थपूर्ण, स्वतःचा असा शेवटचा आविष्कार. ‘संस्कृती’ हा शब्द त्यात कुठेही नाही. तुला हवं असेल तर रेडिंग स्टेशनचा पूल हा विषय घेऊनही हे सगळं काम करता येईल आणि एकही मार्क कमी होणार नाही.

हे एवढं ठासून सांगतोय, कारण ब्रिटनमधल्या आशियाई कलाकारांना काय करावं हे नेहमी दुसऱ्यांनीच सांगितलं आहे, आणि सांगणं दर पिढीत बदलत गेलं आहे. रशीद अराईन १९६४ मध्ये कराचीहून लंडनला आले. शिक्षण सिव्हिल इंजिनिअरिंगचं. ते निव्वळ भौमितिक, जाळीदार रचना करत होते, आणि आशियाई माणूस आधुनिक शिल्पकार असू शकतो हे तिथल्या गॅलऱ्यांच्या पचनी पडत नव्हतं. १९८९ मध्ये हेवर्ड गॅलरीत आफ्रिकी, कॅरिबियन आणि आशियाई वंशाच्या आधुनिक कलाकारांचं मोठं प्रदर्शन त्यांनीच मांडलं. लिव्हरपूलच्या सिंग ट्विन्स या जुळ्या बहिणींचं उलटं झालं. १९८०च्या दशकात कॉलेजात त्या भारतीय लघुचित्रांच्या वाटेने जाऊ लागल्या, तर ‘हे जुनाट आहे, पाश्चात्त्य आधुनिक कलाकारांकडे बघा’ असा दबाव आला. त्या बधल्या नाहीत. आणि आज तुला तुझ्या टीचर प्रेमाने सांगतात की भारताकडेच बघ. तिन्ही वेळा विषय कलाकाराऐवजी समोरच्याने ठरवू पाहिला. टीचरचा हेतू चांगला आहे, यात आम्हाला शंका नाही. तरीही विषय तूच ठरवायचा.

चिला कुमारी बर्मन या ब्रिटिश कलाकाराने तो कसा ठरवला ते पाहा. २०२० च्या दिवाळीत त्यांनी लंडनच्या टेट ब्रिटन संग्रहालयाचा दर्शनी भाग निऑन दिव्यांनी झळाळून टाकला. त्यात देवी होत्या, आणि एक वाघही होता. तो वाघ त्यांच्या वडिलांच्या आइस्क्रीम व्हॅनवरचा. लिव्हरपूलजवळच्या बूटलमध्ये वडील ती व्हॅन चालवत. पंजाबी घर आणि मर्सी नदीकाठचं आइस्क्रीम एकाच भिंतीवर आलं, कारण ते मुळात एकाच घरात होतं. तुझ्या घरात असं काय आहे? सोफ्यावर गोधडी आहे. तिथून सुरू कर.

गोधडी आधी नीट बघायची असते, आणि त्याला दोन संध्याकाळी लागतील. ती जमिनीवर पसर, खुर्चीवर उभी राहून बरोबर वरून फोटो काढ. उजेड खिडकीतून तिरका येऊ दे, म्हणजे टाक्यांच्या वरंब्यांची सावली पडेल. समोरून फ्लॅश मारलास तर टाके दिसेनासे होतात. मग मोजपट्टी घे आणि १० सेंटिमीटरमध्ये किती टाके आहेत ते पाच ठिकाणी मोज. मधे आणि कडेला आकडा वेगळा येईल. दोरा कुठे संपून नवा लागला, रंग कुठे बदलला, कोणत्या कोपऱ्यात वरचं कापड विरून आतला थर डोकावतोय, हे सगळं फोटोच्या प्रिंटवर खुणा करून लिही. नंतर ४५ ग्रॅमचा पातळ लेआउट पेपर त्यावर ठेवून ग्रॅफाइटची कांडी आडवी धरून हलकेच घास, शिवण कागदावर उमटते. जाड कार्ट्रिज पेपर घेतलास तर काहीच उमटणार नाही, आणि खडू तेलकट असेल तर डाग गोधडीला लागेल, म्हणून मेणखडू टाळ. शेवटी १० बाय १० सेंटिमीटरचा एकच तुकडा निवडून तो मूळ मापात, पेनने, टाका न टाका काढ. हे चित्र कंटाळवाणं वाटेल. पण ते काढताना तुला कळेल की आजीचा हात कुठे घाईत होता.

साताऱ्याहून काय आणू, असं विचारलंस. आणायची वस्तू एकच: सुती जुनेरं दोन-तीन, जमल्यास त्यातलं एक नऊवारी. जुनेर म्हणजे नेसून नेसून मऊ पडलेलं लुगडं. गोधडीला तेच लागतं, कारण नव्या सुती कापडात खळ असते, सुई अडते आणि धुतल्यावर ते आटतं. ऑगस्टात साताऱ्याला पाऊस असतो, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. म्हणून जुनेरं पहिल्याच आठवड्यात धुऊन घे. दमट घडी बॅगेत घातलीस तर रेडिंगला पोचेपर्यंत कुबट वास आणि काळे ठिपके येतील. लाल, जांभळी, हिरवी साडी असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग जातो का बघ. जात असेल तर ती गोधडीत घेऊ नकोस.

बाकी सगळं आजीकडून ऐकून घ्यायचं आहे, आणि इथे मुलं हमखास एक चूक करतात. ‘आजी, गोधडीबद्दल सांग ना’ असं म्हणतात. आजी म्हणते, ‘त्यात काय सांगायचंय? जुनी लुगडी होती, शिवली.’ संपलं. त्याऐवजी गोधडीचा मोठा रंगीत प्रिंट सोबत ने, प्रत्येक ठिगळाला नंबर दे आणि एकेका ठिगळावर बोट ठेवून विचार, ‘हे कोणाचं?’ हे आत्याच्या परकराचं, हे आजोबांच्या सदऱ्याचं, हे कुठल्याशा बारशात आलेल्या खणाचं, असं आपोआप निघत जाईल. प्रत्येक नंबरापुढे नाव लिही. शिवायला कोण कोण बसायचं, सुगी झाल्यावर का उन्हाळ्यात, दोरा कुठून यायचा, सुरुवात कडेने की मधून, हे विचार. आणि एक प्रश्न संकोच न करता विचार: ही पूर्ण तूच शिवलीस का, की कोणाकडून शिवून घेतली? पैसे किंवा धान्य घेऊन गोधड्या शिवून देणाऱ्या बायका गावोगाव होत्या, आजही आहेत. तशी कोणी असेल तर तिचंही नाव आजीला आठवायला सांग. नाव मिळालं तर ते तुझ्या कामात आजीच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात यायला हवं.

रेकॉर्डिंगसाठी फोन पुरतो. तो एअरप्लेन मोडवर टाक, आजीपासून हातभर अंतरावर घडी घातलेल्या टॉवेलवर ठेव, पंखा बंद कर. पंखा आणि कुकरची शिट्टी यांनी निम्मी रेकॉर्डिंग वाया जातात. पत्र्यावर पाऊस पडत असेल तर सरळ थांब. वीस मिनिटांपेक्षा जास्त एका वेळी घेऊ नकोस, म्हातारं माणूस दमतं आणि मग तुला बरं वाटावं म्हणून काहीही सांगतं. सुरुवातीलाच तिला सांग की हा आवाज शाळेत ऐकवला जाईल, कदाचित प्रदर्शनातही, आणि ‘चालेल’ हे तिचं उत्तर रेकॉर्डिंगमध्ये येऊ दे. एखादा भाग नको म्हणाली तर तो काढ, मग तो कितीही सुंदर असो. जात्यावरच्या ओव्या तिला येत असतील तर त्याही घे. नसतील येत तर हट्ट नको. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सुरू केलेल्या कामातून जमलेल्या एक लाखाहून जास्त ओव्या ‘परी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाकडे आहेत आणि तिथे गाणारीचं नाव, गाव दिलेलं असतं. त्यातली एखादी वापरलीस तर नाव-गावासकट वापर.

आता शिवण. अख्खी गोधडी करायच्या फंदात पडू नकोस. ४० बाय ६० सेंटिमीटरचा तुकडा पुरेसा आहे. वरचा थर ठिगळांचा, खाली अस्तर, मधे जुनेराचे तीन थर, असे एकूण पाच. मधल्या थरांना साताऱ्याचं जुनेर घे, पण वरची ठिगळं तुझ्या रेडिंगच्या घरातली असू देत: शाळेचा जुना पोलो शर्ट, बाबांचे कॉलर विरलेले ऑफिसचे शर्ट, स्वयंपाकघरातला टी-टॉवेल. बाबांच्या कंपनीच्या ओळखपत्राच्या जुन्या पट्ट्या घरात पडल्या असतील तर त्या काठ म्हणून लाव. २००० नंतर आयटीच्या नोकऱ्यांनी इथे आलेल्या कितीतरी मराठी घरांचा इतिहास त्या पट्ट्यांवर छापलेला आहे, आणि त्यावर अजून फारसं कोणी काम केलेलं नाही.

हिशेब असा. धावदोऱ्याच्या ओळी एकेक सेंटिमीटरवर घेतल्यास तर ४० सेंटिमीटर रुंदीत साधारण ४० ओळी, प्रत्येक ६० सेंटिमीटरची, म्हणजे २४ मीटर शिवण. टाका सहा-सात मिलिमीटरचा. नवख्या हाताने तासाला दीड-दोन मीटर होतं, तेव्हा १२ ते १६ तास धर. ८ नंबरचा पर्ल कॉटन हा भरतकामाचा दोरा घे. १० ग्रॅमचा गोळा साधारण ८० मीटरचा असतो, एकेरी दोऱ्याला तो पुरून उरतो. दोरा एका वेळी ५० सेंटिमीटरहून लांब कापू नकोस, लांब दोरा थरांतून ओढला जाऊन पिंजतो आणि गाठी पडतात. अंगुस्तान लागेलच, पाच थरांतून सुई रेटताना बोटाचं टोक पहिल्याच दिवशी सोलून निघतं.

काय बिघडतं तेही आधीच सांगतो. कडेने आत शिवत गेलीस तर कापड पुढे पुढे ढकललं जाऊन मधे फुगा येतो. तो शेवटी काढता येत नाही. त्यासाठी सुरुवातीला पाचही थर जमिनीवर ताणून, मधून बाहेर हात फिरवून, १०-१० सेंटिमीटरवर आडवे-उभे कच्चे टाके घाल आणि पक्की शिवण पूर्ण होईपर्यंत उसवू नकोस. पोलो शर्टाचं कापड विणीचं असतं, ते ताणतं. साध्या सुती कापडाशेजारी शिवलं की चुण्या पडतात. त्याच्या मागे पातळ फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटव, पण आधी कोपऱ्यावर करून बघ, कारण शर्टात पॉलिएस्टर असेल तर गरम इस्त्रीने चकाकी येते. ब्लेझर वापरू नकोस, सुई जात नाही. त्याचा खिशावरचा बिल्ला तेवढा घे. आणि आजीच्या टाक्यांइतके समान टाके आले नाहीत म्हणून उसवत बसू नकोस. पहिल्या आणि चाळिसाव्या ओळीतला फरक दिसला पाहिजे, तीच तुझी नोंद आहे.

याआधी १५ बाय १५ चे तीन नमुने कर: एक तीन थरांचा, एक पाचांचा, एक सात थरांचा, किंवा दोरे बदलून. त्यावर काय जमलं, काय नाही, हे लिहून स्केचबुकात शिव. साहित्य पारखण्याचे मार्क इथे मिळतात. बरेच विद्यार्थी थेट अंतिम कामाकडे धावतात आणि नेमके हेच घालवतात.

टीचर गोधडी बघून ‘अरे, हे कांथा!’ म्हणतील. इंटरनेटवरही भारतीय गोधड्या सरसकट कांथा नावानेच विकल्या जातात. कांथा बंगालचा, सिंधकडची रल्ली वेगळी, कर्नाटकातल्या सिद्दींची कवंद वेगळी. एका पानावर चौघींचे टाके शेजारी शेजारी काढून दाखव, वाद घालावा लागणार नाही. संदर्भासाठी अमेरिकेतल्या अलाबामामधल्या गीज बेंडच्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्याही जरूर बघ. शेतातले झिजलेले कामाचे कपडे त्यांनी ज्या धिटाईने जोडले, ते तुझ्या पोलो शर्टाला फार जवळचं आहे. प्रत्यक्ष बघायला रेडिंगमध्येच इंग्लिश ग्रामीण जीवनाचं संग्रहालय आहे, प्रवेश मोफत. गावातल्या हातकामाची इंग्लिश माणसं कशी नोंद ठेवतात ते तिथे कळेल. लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचं पूर्वेकडचं नवं स्टोअरहाऊस २०२५ मध्ये उघडलं. तिथे ऑनलाइन यादीतून पाचपर्यंत वस्तू निवडून, निदान दोन आठवडे आधी वेळ घेऊन, त्या समोर मांडून बघता येतात, तेही फुकट. यादीत महाराष्ट्रातली कापडं शोध. शोधताना नुसतं इंडिया न टाकता बॉम्बे, डेक्कन, पूना हेही टाक, जुन्या नोंदी त्याच नावांनी आहेत. याच संग्रहालयाकडे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या मोठाल्या नकलाही आहेत. मुंबईच्या स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ ते १८८५ या काळात त्या रंगवल्या. चित्रकार पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. काही नकला १८८५ च्या आगीत गेल्या. शक्य झालं तर त्या कधीतरी बघ. गोधडीशी थेट संबंध नाही, पण कला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी मुंबईहून जाऊन गुहेत बसून केलेलं काम आहे ते.

ठिगळांवर नावं भरायची असतील तर देवनागरीची एक तांत्रिक अडचण येईल. अॅडोबीच्या काही प्रोग्रामांत नेहमीची सेटिंग ठेवून मराठी चिकटवलं की ‘शिवण’मधली वेलांटी चुकीच्या जागी जाते आणि ‘स्त्री’चे पाय मोडलेले तीन सुटे तुकडे दिसतात. परिच्छेदाच्या पर्यायांत ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवड, सगळं जागेवर येतं. अक्षरांमधलं अंतर वाढवू नकोस, शिरोरेषा तुटते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट मोफत आहेत. प्रिंटला द्यायच्या आधी अक्षरांची आउटलाइन करून ठेव, नाहीतर शाळेच्या कॉम्प्युटरवर चौकोन उमटतील. सुईने भरताना मात्र आधी शिरोरेषा खडूने आख आणि अक्षरं तिला टांगत जा, उलट केलंस तर ओळ वर-खाली होते. शब्द आईकडून तपासून घे, भाषांतराच्या अॅपकडून नको.

लेखी भागाबद्दल थोडक्यात. एक्यूए बोर्ड असेल तर तो १,००० ते ३,००० शब्दांचा. दुसरं बोर्ड असेल तर मर्यादा टीचरना विचार. आजीची मुलाखत ही संदर्भसूचीत तारीख आणि गावासह, पुस्तकाइतक्याच मानाने लिही.

आता हक्काचं. तुझ्या मैत्रिणीचं बोलणं लागलं असेल, पण तिच्या बाजूनेही बघ. १९७२ मध्ये युगांडातून हाकलली गेलेली कुटुंबं, त्याआधी आलेले पंजाबी कामगार, लंडनच्या साउथॉल भागात १९७६ मध्ये झालेल्या एका शीख तरुणाच्या खुनानंतर उभी राहिलेली तरुणांची चळवळ, १९७७ मध्ये सुरू झालेली तारा आर्ट्स ही नाटक कंपनी: ब्रिटिश एशियन कला म्हणून आज जे ओळखलं जातं ते या लोकांनी घडवलं. मराठी माणसं इथे तशी थोडी आणि बरीचशी नंतर आली. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे खरं, पण तुझ्यासारख्या इथे वाढलेल्या मुलामुलींनी केलेली, मराठी घरांबद्दलची कला अजून कमी आहे. ती जागा रिकामी आहे आणि त्यात बसायला वाचनाचा वेग कोणी मोजत नाही. मैत्रिणीलाच विचार, तिच्या आजीने कंपालाहून काय आणलं, काय आणता आलं नाही. कदाचित तिलाही सांगायचं असेल.

तुला हक्क आहे का, याचं उत्तर कामाखालच्या लेबलात द्यायचं. मूळ गोधडीला शिवणारीचं नाव, गाव, अंदाजे साल, कापडं. तुझ्या तुकड्याला तुझं नाव, रेडिंग, साल, कोणाचे कपडे. जिच्याकडून शिकलीस तिचं नाव. एवढं लिहिता आलं तर हक्काचा प्रश्न उरत नाही. जिथे नाव लिहिता येत नाही, तिथे थांबून विचार करावा.

आई-बाबांशी भांडण होण्याइतकी ही वेळ अवघड नाही. विद्यापीठांसाठी यूकास या सामाईक अर्जव्यवस्थेतून पाच जागा भरता येतात, पण त्या सगळ्यांना एकच निवेदन जातं. आता त्यात तीन प्रश्न असतात आणि मिळून ४,००० अक्षरांची मर्यादा. त्यात कॉम्प्युटर आणि आर्ट दोन्ही कोंबलेस तर दोन्हीकडे अर्धवट वाटतं. मात्र आर्टचा एक वर्षाचा फाउंडेशन डिप्लोमा बहुतेक कॉलेजं थेट अर्जाने देतात, यूकासच्या बाहेर. म्हणजे पाचही जागा बाबांच्या मनासारख्या कॉम्प्युटरला, आणि शेजारी एक फाउंडेशनचा अर्ज. निर्णय पुढच्या उन्हाळ्यात, हातात ऑफर असताना. कंप्युटिंग आणि कला एकत्र शिकवणारे पदवी अभ्यासक्रमही आहेत, ते त्यांना दाखव.

फाउंडेशनच्या अर्जाला सहसा १० ते २० पानांचा डिजिटल पोर्टफोलिओ लागतो. त्यात निम्मी पानं प्रक्रियेची ठेव: मोजमापं, घासून काढलेला कागद, फसलेला नमुना. सुरू होण्याच्या वर्षी ३१ ऑगस्टला वय १९ च्या आत असेल आणि निवासाच्या अटी बसत असतील तर इंग्लंडमध्ये या डिप्लोमाला फी नसते. राहण्याचं कर्ज मात्र सहसा मिळत नाही, म्हणून घरून जाता येईल असंच कॉलेज बघ. निवासाच्या अटी तुमच्या घरातल्या व्हिसावर किंवा नागरिकत्वावर ठरतात आणि तिथे ऐकीव माहितीवर जाऊ नका. अर्ज करण्याआधी कॉलेजच्या प्रवेश विभागाला ईमेल करून ‘होम फी’, म्हणजे स्थानिक विद्यार्थ्यांचा फीचा नियम, लागू होईल का ते विचारा आणि उत्तर लेखी मागून घ्या.